मागची खोली : निर्मनुष्य

त्या वर्षी फेब्रुवारीत वीज कंपनीने घरोघरी नवे मीटर बसवले आणि सोबत चार दरांची पुस्तिका दिली, तेव्हा अमरावतीतल्या आमच्या कॉलनीत माझा भाव एकदम वधारला. मी हेमंत काळमेघ, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. शिकवायची खोड घरीही सुटत नाही. कोणी फाटकाशी उभं राहून ‘सर, कोणता दर घेऊ?’ असं विचारलं की मी त्याला आत बोलावून तासभर समजावत असे, वर चहाही पाजत असे. ही फुशारकी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझी मान वर राहणार नाही.

मुद्दा तसा सोपा होता. दिवसा सौर वीज इतकी तयार व्हायची की तिला गिऱ्हाईक मिळत नसे. सूर्य मावळला की ती आटायची आणि नेमकी तेव्हाच माणसं घरी येऊन एसी, कूलर, गिरणी, मिक्सर सगळं एकदम सुरू करायची. संध्याकाळी सहा ते दहा हे चार तास कंपनीच्या तोंडचं पाणी पळवत. म्हणून त्या चार तासांचा दर अवाच्या सवा. पुस्तिकेतल्या पहिल्या तीन दरांत हाच प्रकार थोडाफार फरक करून मांडलेला होता. चौथा मात्र वेगळा होता. त्याचं नाव कक्षदर.

कक्षदरात घराच्या मेन बोर्डात प्रत्येक खोलीसाठी वेगळा स्विच बसवत, आणि तो स्विच कंपनी दुरून चालवू शके. संध्याकाळी जी खोली रिकामी असते ती कंपनीच्या हवाली करायची. सहा ते दहा तिची वीज बंद. त्या बदल्यात अख्ख्या घराला आठही प्रहर दुपारचा स्वस्त दर. अट एकच, खोली खरोखर निर्मनुष्य हवी. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वीज तोडलेल्या बंद खोल्यांतून बरीच म्हातारी माणसं दगावली होती, आणि तेव्हापासून राहत्या माणसाच्या खोलीची वीज तोडायला कायद्याने बंदी आली होती. एकदा खोली जाहीर केली की तीस जूनपर्यंत बदल नाही.

खोली रिकामी आहे हे कंपनीला कळणार कसं, असं सगळे विचारत. इथेच त्या मीटरची करामत होती. प्रत्येक उपकरण वीज आपापल्या पद्धतीने ओढतं. पंखा सुरू होताना मोटर एक हिसका घेते, फ्रिज थांबून थांबून धापा टाकतो, मोबाइलचा चार्जर बारीक बारीक घोट घेतो. जुन्या मीटरला नुसती बेरीज कळायची. नवा मीटर एका सेकंदात हजारो वेळा प्रवाह मोजून ही प्रत्येक लकब वेगळी ओळखायचा. आणि उपकरणाची लकब कळली की माणसाची कळायला वेळ लागत नाही. कोण पहाटे उठून गिझर लावतं, कोण दुपारी पंखा दोनवर ठेवून पडतं, कोण बाहेर जाताना दिवा विसरतं, हे महिनाभरात त्याला पाठ व्हायचं. मी कॉलनीच्या समाजमंदिरात यावर चांगलं पाऊण तासाचं व्याख्यान दिलं. चौदा घरांनी माझ्या सांगण्यावरून कक्षदर घेतला. कोणाची वरची खोली मुलं पुण्याला गेल्याने रिकामी होती, कोणाची पाहुण्यांची खोली दिवाळीपुरतीच उघडत होती.

आमच्या घरात तशी रिकामी खोली नव्हती. हॉल, आमची झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि पश्चिमेची मागची खोली. मागच्या खोलीत ज्योत्स्नाची आई राहत होती.

ज्योत्स्ना, माझी बायको, एकुलती एक मुलगी. सासरे गेल्यावर सासूबाई अंजनगावहून आमच्याकडे आल्या, त्याला पाच वर्षं झाली होती. पण त्यांनी ‘राहायला आले’ असं कधी म्हटलं नाही. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे त्यांच्या लेखी फार कमीपणाचं. शेजारणीने विचारलं की त्या म्हणत, “मी काय इथं राहाले आली? चार दिवसाची पाहुणी आहो मी.” पाच वर्षं त्या चार दिवसांच्या पाहुण्याच होत्या. कपडे बॅगेतून निघत, धुऊन, घडी होऊन पुन्हा बॅगेत जात. कपाटाचा खण मी दोनदा रिकामा करून दिला, तो तसाच राहिला. मी हॉलमध्ये असलो तर त्या तिथे बसत नसत. डोक्यावर पदर घेऊन दाराआडूनच विचारत, “जवाईबापू, चहा ठेवू का?”

हे नुसतं बोलायचं असतं, हे कोणत्याही घरातल्या पोरासोरांनाही कळतं. त्याला कोणी खरं मानत नाही. मी मानलं. अर्जात ‘कायम राहणारी माणसं’ असा रकाना होता. मी ‘दोन’ लिहिलं. मनाशी म्हटलं, त्या स्वतःच तर म्हणतात.

चार पैशांसाठी केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आम्हा दोघांचे पगार होते, काही अडलं नव्हतं. पण कॉलनीला कक्षदर शिकवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरी साधा दर, हे मला सोसवेना. सगळ्यांनी मला विचारलं असतं, ‘सर, तुमचं काय?’

नोंदणी पुरी व्हायला तोंडी होकार लागायचा. मीटरचा बोलणारा फलक स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. एका रविवारी सकाळी ज्योत्स्ना बाजारात गेलेली असताना मी फलकाचं बटण दाबलं.

“मागची खोली. रिकामी. बरोबर?” फलकाने विचारलं. बाईचा आवाज होता, स्वच्छ, शाळेतल्यासारखा.

“बरोबर,” मी म्हणालो.

“खात्रीसाठी पुन्हा विचारते. मागच्या खोलीत कोणीही राहत नाही. बरोबर?”

“बरोबर.”

मागे वळलो तर सासूबाई ओट्याच्या पलीकडे खाली बसून मेथी निवडत होत्या. त्या तिथे आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी मान वर केली नाही. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला, हात चालू होता. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय. आता वाटतं, त्या वेळी त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं तरी मी तो अर्ज रद्द केला असता. पण हेही मी स्वतःची समजूत घालायलाच म्हणतो.

पंधरा दिवसांनी फलक बोलला. मागच्या खोलीत दुपारी एक ते चार पंखा दोनवर चालतो, सकाळी रेडिओ लागतो, रात्री चार्जर. एक व्यक्ती राहत असण्याची शक्यता मोठी. खुलासा करा, नाहीतर दर रद्द होईल.

मी खुलासा केला, “पाहुण्या आल्या आहेत.”

“पाहुण्यांचा मुक्काम आणखी पंधरा दिवस ग्राह्य धरला जाईल,” फलक म्हणाला. त्याला हळू बोलता येत नसे. मागच्या खोलीत रेडिओ चालू होता, तो तेवढ्यात बंद झाला.

सोळाव्या दिवसापासून मागच्या खोलीचा आलेख सरळ झाला. शून्याची रेघ. मी खोलीत जाऊन पाहिलं नाही. मोबाइलवर पाहिलं. एप्रिलच्या अखेरीस कंपनीचा निरोप आला, घोषणा आणि वापर यांचा मेळ शंभर टक्के. मी तो कॉलनीच्या गटात टाकला. अंगठे आले, फुलं आली.

ज्योत्स्नाला यातलं काही कळलं नाही. ती तहसील कार्यालयात नोकरीला, सकाळी साडेनऊला जायची आणि सातला यायची. ती आल्यावर सासूबाई तिच्याबरोबर स्वयंपाकघरात, मग जेवण, मग मालिका. दहा वाजता मागच्या खोलीची वीज परत यायची, तरी पंखा लागत नसे. ज्योत्स्नाने एकदा विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, “मले फॅनचा वारा सोसत नाही आता. हाडं दुखतात.” ती म्हणाली, “बरं, खिडकी उघडी ठेव.”

मे उजाडला. कॉलेजला सुट्ट्या लागल्या आणि मी दुपारचा घरी राहू लागलो. पारा शेहेचाळीसवर. वीज आता आठही प्रहर स्वस्त, म्हणून हॉलमधला एसी लावून मी सोफ्यावर पडत असे. एरवी मी कॉलेजात असताना सासूबाई दुपारी हॉलमध्ये टेकत असाव्यात. आता जावई तिथे आडवा, म्हणजे त्यांना हॉलची वाटच बंद झाली.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी मी तो आलेख चाळत होतो. शून्य, शून्य, शून्य. मुलांना मी दरवर्षी बजावून सांगतो, वाचन शून्य आलं तर ‘काही नाही’ असं लिहू नका, आधी आपण काय मोजतोय ते पाहा. मीटर वीज मोजत होता. माणूस मोजत नव्हता. हे मला, वीस वर्षं तेच शिकवणाऱ्याला, आलेख पाहून पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी उठून मागे गेलो.

दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, सासूबाई जमिनीवर ओली चादर टाकून तिच्यावर कुशीवर पडल्या होत्या. खिडकीला ओला टॉवेल. पंखा थांबलेला. दुपारच्या त्या वेळी पंखा लावायला कसलीच बंदी नव्हती, वीज होती, बटण हाताशी होतं. पण पंखा फिरला की मीटरला कळलं असतं की इथे कोणी आहे, आणि जावई खोटा पडला असता. म्हणून त्या पडल्या होत्या. माझं खोटं त्या खरं करून देत होत्या.

मी आत गेलो नाही. पाऊल न वाजवता परत हॉलमध्ये आलो आणि सोफ्यावर बसलो. आत जाऊन काय म्हणणार होतो? ‘पंखा लावा’ म्हणालो असतो तर आतापर्यंत लावू नका म्हणत होतो हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं, इतकंच. याची आजही लाज वाटते, खोली रिकामी जाहीर केल्याच्या लाजेपेक्षा जास्त.

त्याच आठवड्यात कंपनीचा फोन आला. शंभर टक्के मेळ असलेल्या घरांपैकी काहींची प्रत्यक्ष पाहणी व्हायची होती. पाहणी अधिकारी आली ती तेजस्विनी गवई, बारा वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी. दारातच वाकून नमस्कार केला.

“सर, यादीत तुमचं नाव पाहिलं आणि मुद्दाम मीच आले. औपचारिकता आहे फक्त. खोली बघते नि निघते.”

ज्योत्स्ना ऑफिसात होती. मी पुढे, तेजस्विनी मागे, असे आम्ही मागच्या खोलीत गेलो. खोलीत पाऊल टाकताच भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी धग लागली. सासूबाई पदर सावरून भिंतीशी उभ्या होत्या. चादर गुंडाळून ठेवलेली, बॅग पायाशी भरलेली, चेन लावलेली. त्यांनी हॉलमधलं बोलणं ऐकलं होतं.

“आजी, तुम्ही इथे राहता?” तेजस्विनीने विचारलं.

“नाही वं माय. मी आज सकाईच आली. लेकीले भेटाले. उद्या-परवा जाईन.”

तेजस्विनीने टॅबवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. खिडकीतल्या दोरीवर दोन लुगडी वाळत होती. कोनाड्यात रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याचं घर, देवाचा फोटो, उदबत्तीची राख. सकाळी आलेल्या पाहुणीचं एवढं सामान नसतं. तिला दिसत होतं. पण ती पाहत होती माझ्याकडे.

“सर, मीटर म्हणतो खोली रिकामी, आजी म्हणतात आज आले. तुम्ही सांगाल ते लिहिते.”

मी खरं बोलायला तोंड उघडलं होतं. मग मला चौदा घरं दिसली, समाजमंदिर दिसलं, ‘काळमेघ सरांनी सासूची खोली रिकामी लिहिली’ असं फाटकाफाटकावर बोलणारे लोक दिसले. आणि सासूबाई माझ्याकडे पाहून बारीक मान हलवत होत्या. ‘हो’ म्हणा, म्हणत होत्या.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असणार, सर.” तिने सही केली. निघताना थांबली. “आजींना हॉलमध्ये बसवा पण. इथे फार तापतंय.”

“हो, हो,” मी म्हणालो. ती गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि विचारलं, “जवाईबापू, चहा ठेवू का?” मी हो म्हणालो. चहा घेतला.

रात्री आठला आम्ही तिघं जेवत होतो. म्हणजे मी आणि ज्योत्स्ना टेबलावर, सासूबाई ओट्याशी वाढत. ज्योत्स्नाचा मोबाइल वाजला. पाहणीचा निकाल घरातल्या सगळ्या नोंदणीकृत प्रौढांना जातो, हे पुस्तिकेत होतं. मीच लोकांना वाचून दाखवलं होतं.

ती मोठ्याने वाचू लागली, “अभिनंदन. प्रत्यक्ष पाहणीत आपली मागची खोली निर्मनुष्य असल्याचे सिद्ध झाले आहे.” मग थांबली. “निर्मनुष्य?”

“जाऊ दे वं,” सासूबाई म्हणाल्या. “त्या कंपनीवाल्याईले काय समजते. भात घे.”

ज्योत्स्ना उठून मागे गेली. बटणाचा आवाज आला. टक. पुन्हा टक. मग सगळी बटणं एकामागून एक. ती परत आली आणि बसली नाही.

“कधीपासून?”

“मार्च,” मी म्हणालो.

“मीच म्हणत होती ना बापूले,” सासूबाई घाईघाईने पुढे आल्या, “का मी पाहुणी आहो. त्याईनं तेच लिहिलं. खोटं काय हाये त्याच्यात?”

“तू म्हणशीलच, आई.” ज्योत्स्ना माझ्याकडे पाहत होती. “पाच वर्षं ती कपाट वापरत नाही म्हणते, तेव्हा तुम्ही म्हणता, असं नाही चालायचं आई. ती फळं नको म्हणते, तरी तुम्ही कापून ठेवता. हे एकच बरं ऐकलंत तिचं?”

  माझ्या मागे फलकाने नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं की आजचा वापर उत्तम आहे. ज्योत्स्नाने जाऊन त्याचा आवाज शून्य केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेजस्विनीला फोन करून सगळं सांगितलं. 

“सर, लुगडी मी पाहिली होती,” ती म्हणाली. “पण समोर तुम्ही होता.”

“चूक माझी आहे. तसं लिहून देतो.”

“द्या. पण अहवालावर सही माझी आहे. मलाही उत्तर द्यावं लागेल. ते बघते मी. नियमाने तीस जूनपर्यंत बदलायची सोयच नाही ठेवलेली, खास मंजुरी काढली तरी खोली पुन्हा चालू व्हायला पंधरा दिवस जातील.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आजी बऱ्या आहेत ना?”

कॉलनीच्या गटातही मी लिहिलं. काय केलं ते सरळ लिहिलं.  अंगठा नाही, फूल नाही. फाटकाशी कोणी थांबेनासं झालं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोसायला सोपं गेलं. परक्यांची लाज फार खोल जात नाही, असं ध्यानात आलं.

ज्योत्स्नाने आईची बॅग स्वतः उचलून आमच्या खोलीत नेली आणि तिथेच रिकामी केली. सासूबाई नको नको म्हणत मागे मागे फिरत होत्या. ज्योत्स्ना माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी माझी उशी घेऊन मागच्या खोलीत गेलो. हे कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी नको असंही म्हणालं नाही.

सहा वाजले. पंखा हळू होत गेला आणि थांबला. तोवर मला वाटत होतं की चार तास म्हणजे काय मोठंसं. पश्चिमेच्या भिंतीने दिवसभर ऊन प्यालेलं असतं, ते ती संध्याकाळी खोलीत सोडू लागते, हे मी उष्णतेच्या प्रकरणात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. अर्ध्या तासात बनियन अंगाला चिकटलं. श्वास जड येऊ लागला. खाली फरशीवर उतरून पाहिलं, फरशीही कोमट. डोळे मिटून मी दिवस मोजले. सोळाव्या दिवसापासून कालपर्यंत. संध्याकाळच नाही, दुपारही. एकेका दिवसापाशी थांबायचं धाडस झालं नाही.

दाराशी चाहूल लागली. सासूबाई होत्या. हातात पाण्याचा तांब्या आणि आजच्या पेपराची घडी. मी धडपडून उठू लागलो.

“बसा, बसा,” म्हणून त्या आत आल्या आणि माझ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या. मी पाणी प्यालो. बोलायचं म्हणून मनात जुळवत होतो, पण ‘आई’ एवढंच तोंडातून आलं. रडू मात्र आलं, तेही चोरून, घाम पुसल्यासारखं.

त्यांनी पाहिलं नसावं, किंवा पाहिलं असावं. पेपराची घडी हातात धरून त्या मला वारा घालू लागल्या.

“तुमाले सवय नाही जी,” त्या म्हणाल्या. “मले झाली आता.”

मी त्यांना थांबवायला हवं होतं. हात धरून घडी काढून घ्यायला हवी होती. पण वारा बरा वाटत होता.